सासऱ्यांचं वाक्य आणि सहा लाखांचे पाइप

आलेलं पत्र असं आहे :

"आमचं हार्डवेअर आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि मिस्टर बघतो. हिशेब माझ्याकडे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पाइप कंपनीचा सेल्समन आला. तोवर वर्षाची खरेदी ४४ लाखांची झाली होती. म्हणाला, आणखी ६ लाखांचा माल उचला, ५० चा स्लॅब बसेल, २ ऐवजी ३ टक्के परत मिळतील, तेही सगळ्या खरेदीवर. ४० च्या खाली १ टक्काच असतो. बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट कर्जातून) पैसे भरले, व्याज ११ टक्के. आता ऑगस्ट संपत आला. निम्मा माल गोदामात आहे. जूनमध्ये कंपनीने भाव ३ टक्क्यांनी उतरवले. जो माल गेला तो ठेकेदारांना ३ टक्के जास्त सोडून काढला. त्या ३ टक्क्यांची क्रेडिट नोट (रक्कम आमच्या नावे जमा केल्याचा कागद) अजून नाही. वितरक म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते प्रोसेसमध्ये आहे. त्यातच एप्रिलमध्ये घरी एसी घेतला, ४२ हजारांचा. त्यावर ३ हजार कॅशबॅक होता. शेजारच्या दुकानात तोच ३९ हजार ९०० ला सरळ मिळत होता. कॅशबॅकचा क्लेम नामंजूर झाला. मिस्टर म्हणतात, 'मिळालं तर मिळालं, आपलं काय गेलं?' सासरे म्हणतात, 'बिलावर नाही ती सूट नाही.' आता दिवाळीची नवी स्कीम आली आहे, तिच्यात सोन्याचं नाणं आणि थायलंडची ट्रिप आहे. कोणाचं ऐकू?
– एक हिशेबवाली, जिल्हा सातारा"

हिशेबवाल्या ताई,

सासऱ्यांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. ते नव्वद टक्के बरोबर आहे. उरलेल्या दहा टक्क्यांचं पुढे बोलू. मिस्टरांचं 'आपलं काय गेलं?' मात्र मान्य करता येत नाही. काय काय गेलं ते तुम्हीच पत्रात लिहिलंय, फक्त एकाखाली एक मांडलेलं नाही.

मांडू या. ४४ लाखांवर २ टक्के, म्हणजे ८८ हजार तुम्हाला तसेही मिळायचे होते. ५० लाखांवर ३ टक्के म्हणजे दीड लाख. फरक ६२ हजारांचा. सेल्समनने हा आकडा सहा लाखांच्या शेजारी ठेवला असणार. "बघा वहिनी, सहा लाखांच्या मालावर बासष्ट हजार सुटतात, पाइपमध्ये एवढं मार्जिन कुठे आहे?" त्याचं गणित चुकलेलं नाही. ते अर्ध्यावर थांबवलेलं आहे, एवढंच.

आता पुढचा अर्धा भाग. सहा लाखांतला निम्मा माल पाच महिन्यांत हळूहळू गेला, म्हणजे सरासरी साडेचार लाख रुपये अडकून राहिले. ११ टक्क्यांनी त्याचं पाच महिन्यांचं व्याज २० हजार ६०० होतं. न आलेल्या दीड लाखावरचं व्याज ६ हजार ९००. ठेकेदारांना जास्तीचे सोडलेत ते तीन लाखांवर ९ हजार. जूनमध्ये भाव उतरले त्या दिवशी गोदामात चारेक लाखांचा माल असेल, त्याचे १२ हजार. बेरीज ४८ हजार ५००. ६२ हजारांतून उरले साडेतेरा. तेही क्रेडिट नोट आली तर. सहा लाखांवर १ लाख ८ हजार जीएसटी भरलात तो मी धरलेलाच नाही, कारण त्याची वजावट (इनपुट क्रेडिट) तुम्ही बाकीच्या विक्रीवरच्या जीएसटीतून घेऊन टाकली असेल.

साडेतेरा तर साडेतेरा, असं मिस्टर म्हणतील. म्हणू द्या, आणि त्यांना हे विचारा : तुमच्या गावात, तुमच्या पंचक्रोशीत वर्षाला पाइप खपतात ते साधारण ४४ लाखांच्या खरेदीएवढे. सेल्समन आला म्हणून कोणी जास्त बोअर मारत नाही की जास्त बाथरूम बांधत नाही. म्हणजे मार्चमध्ये घेतलेले सहा लाख या वर्षाच्या खरेदीतून वजा होणार. उरले ३८ लाख. आणि ४० च्या खाली १ टक्का! नेहमीसारखा धंदा केलात तरी ८८ हजारांच्या जागी ३८ हजार हातात पडतील. साडेतेरा हजारांच्या बदल्यात पन्नास हजार गेले.

ते जाऊ नयेत म्हणून येत्या मार्चमध्ये तुम्ही दोन लाखांचा माल उचलाल, नुसतं जुन्या जागेवर टिकायला. आणि पुन्हा तीन टक्के हवे असतील तर बारा लाखांचा. सेल्समन काही वाईट माणूस नाही, त्याच्याही डोक्यावर टार्गेट आहे. ३१ मार्चला कंपनीच्या वहीत विक्री दिसायला हवी असते, आणि ती दिसण्यासाठी माल कंपनीच्या गोदामातून उठून तुमच्या गोदामात बसावा लागतो. तुमचं गोदाम, तुमची सीसी, भाव उतरला तर तुमचा तोटा. या सगळ्याचं भाडं म्हणून कंपनी ६२ हजार देते आहे. कबूल केलेलं भाडं पाच महिने थकवूनसुद्धा तिला कोणी काही म्हणत नाही.

इथे माझं मुख्य म्हणणं सांगते. रिबेट, म्हणजे पूर्ण भाव मोजल्यावर मागाहून मिळणारी सूट, हा कमी झालेला भाव नसतो. रिबेट म्हणजे तुम्ही समोरच्याला दिलेली उधारी. भाव तुम्ही पूर्ण मोजलात, त्यातली काही रक्कम त्याच्याकडे ठेवलीत, आणि ती परत करण्याच्या अटी त्याने लिहिल्या. तुम्ही दुकानात रोज उधारी देता. नव्या ठेकेदाराला देण्याआधी चार गोष्टी बघता : माणूस कुठला, याआधी कोणाचे बुडवलेत का, कधी देणार, वहीवर सही करतो की नाही. कंपनीला दीड लाखाची उधारी देताना यातलं काय बघितलंत? बिल वितरकाचं, स्कीम कंपनीची, शब्द सेल्समनचा. मागायला गेलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एखादा गवंडी असं करू लागला असता तर पुढच्या वेळी त्याला एक एल्बोसुद्धा उधार दिला नसतात.

मी स्वतः बावीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली आहेत, त्यामुळे दुसऱ्याला शहाणपण शिकवायला मला हक्क नाही. आम्ही बेअरिंग आणि व्ही-बेल्ट घ्यायचो. तुलनात्मक तक्त्यात एका पुरवठादाराचा निव्वळ दर होता, दुसऱ्याचा जरा चढा, पण वर्षअखेर ५ टक्के रिबेट. रिबेट वजा करून दुसरा स्वस्त दिसत होता. ऑर्डर त्याला दिली. रिबेटची पायरी गाठायची म्हणून दोन लहान व्यापाऱ्यांकडून घेणं बंद केलं. वर्ष संपलं. रिबेटातून आधी 'दरातील फरक' कापला, मग परत केलेला माल वजा झाल्यामुळे आम्ही पायरीच्या खाली गेलो, मग ज्या अधिकाऱ्याने पत्र दिलं होतं त्याची बदली झाली. शेवटी निम्म्याहून कमी रक्कम आली, तीही पुढच्या आर्थिक वर्षात आणि वेगळ्याच खात्यावर. स्टोअरच्या वहीत बेअरिंगचा दर चढाच राहिला. त्या दरानेच दुरुस्तीचा खर्च विभागांवर पडला आणि त्यावरूनच पुढच्या वर्षाचं बजेट बांधलं गेलं. आपल्याला वस्तू नक्की कितीला पडली हे एवढ्या मोठ्या कारखान्यात कोणालाच सांगता येईना. आणि ऐन हंगामात एका रात्री बेल्ट तुटला तेव्हा त्या दोन लहान व्यापाऱ्यांपैकी एकाला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बंद केलंत म्हणून मीही तो साइज ठेवणं बंद केलं." तो तक्ता माझ्या सहीचा होता.

अमेरिकेत या धंद्याला एक शब्द आहे, 'ब्रेकेज'. जे ग्राहक रिबेट मागायचंच विसरतात, ज्यांचा कागद हरवतो, मुदत टळते, त्यांच्याकडून वाचणारे पैसे. तिकडे पूर्वी खोक्यावरचा बारकोड कापून, फॉर्म भरून, बिल जोडून टपालाने पाठवावं लागायचं आणि चेक येण्याची वाट बघावी लागायची. खोकं कापलं की वस्तू परत करणं अवघड, हा आणखी एक फायदा, अर्थात दुकानाचा. २००५ मध्ये संगणक विकणाऱ्या एका मोठ्या साखळीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला रिबेट थकवल्याबद्दल कारवाई करावी लागली. आपल्याकडे टपाल गेलं आणि ॲप आलं, पण तुमच्या एसीचा क्लेम जसा नामंजूर झाला ते बघता बाकी फारसं काही बदललेलं नाही.

आणि सूट नंतर खात्यात येणार म्हटलं की माणूस ती विसरतो, हे आपल्याला वेगळं शिकायला नको. गॅसची सबसिडी आठवा. २०१५ पासून देशभर सिलिंडर पूर्ण भावाने घ्यायचा आणि सबसिडी बँकेत जमा व्हायची, अशी पद्धत आली. सुरुवातीला घरोघरी मेसेज बघितले जायचे, आली का, किती आली. २०२० च्या मे महिन्यापासून बहुतेक साध्या ग्राहकांच्या खात्यात ती यायची थांबली. तुमच्या घरात हे त्याच महिन्यात कोणाच्या लक्षात आलं होतं? माझ्या घरात तरी नाही, आणि मी हिशेब लिहिणारी बाई. तेच दुकानदाराने काउंटरवर पन्नास रुपये जास्त मागितले असते तर आपण भांडलो असतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरण म्हणजे खादी भांडार. गांधी जयंतीच्या सुमाराला लागणारी सवलतीची पाटी सासऱ्यांना चांगली आठवत असेल. तिथे गिऱ्हाइकाला काउंटरवरच सूट मिळायची आणि वाट बघायचं काम संस्थेकडे असायचं. संस्थेने आधी स्वतःच्या खिशातून सोडायचं आणि मग सरकारकडे रिबेटचा दावा लावायचा. ते दावे रखडायचे आणि कातणाऱ्या-विणणाऱ्यांचे पैसे त्यात अडकायचे. २०१० मध्ये केंद्राने विक्रीवरचं रिबेट बंद करून उत्पादनाच्या किमतीवर आधारलेलं विपणन विकास साहाय्य सुरू केलं. गंमत अशी, की सूट कोणालातरी मिळत असते तेव्हा वाट दुसरं कोणीतरी बघत असतं. तुमच्या बाबतीत दोन्ही तुम्हीच आहात.

आता सासऱ्यांचे उरलेले दहा टक्के. बिलावर नसलेली एक सूट चांगली असते : जी तुम्ही पैसे भरताना स्वतः कापून घेता ती. सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट. तुमचा वितरक ३० दिवसांची उधारी देत असेल आणि ७ दिवसांत भरल्यास २ टक्के सीडी देत असेल, तर २३ दिवस आधी पैसे दिल्याबद्दल २ टक्के मिळाले. वर्षाच्या हिशेबाने हा दर ३० टक्क्यांच्याही वर जातो, आणि तेवढ्या २३ दिवसांचं तुमच्या सीसीचं व्याज पाऊण टक्काही होत नाही. यात कोणाकडे मागायला जायचं नसतं, पैसे तुमच्याच हातात असतात. महावितरणचं बिल बघा. लवकर भरल्यास किती, मुदतीत भरल्यास किती, मुदतीनंतर किती, तिन्ही रकमा छापलेल्या असतात. तिथली त्वरित भरण्याची सूट एक टक्क्याचीच आहे, पण ती कोणाच्या 'प्रोसेस'मध्ये नसते. तुमची सीसी स्लॅबच्या मागे धावायला वापरू नका, सीडी घ्यायला वापरा. या पत्रातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

एसीकडे येते. ४२ हजारांतून ३ हजार गेले तर ३९ हजार, म्हणजे शेजारच्या दुकानापेक्षा ९०० रुपये स्वस्त. या नऊशेंसाठी तुम्ही २ हजार १०० रुपये जास्त मोजलेत, आणि त्यांचं भवितव्य अशा माणसाच्या हाती दिलंत ज्याला तुम्ही कधी भेटणार नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, तेही नऊशेंसाठी. क्लेम का नामंजूर झाला ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण असे क्लेम बहुधा ज्या कारणांनी अडतात ती सांगते, तुमचं कारण त्यातलंच एखादं असेल. बिलाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत क्लेम टाकायचा, पण त्यासाठी बसवलेल्या यंत्राचा फोटो लागतो, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत कंपनीचाच माणूस बसवायला अठराव्या दिवशी येतो. आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे नंबर वेगळे असतात, बिलावर एकच लिहिलेला असतो. बिल मिस्टरांच्या नावावर, मोबाइल तुमचा आणि बँक खातं सासऱ्यांचं. किंवा दुकानदाराने दिलं ते नुसतं कच्चं बिल.

मुदत कंपनीच्याच उशिरामुळे टळली असेल तर सोडू नका. बसवणीच्या तारखेचा मेसेज किंवा जॉबशीट शोधा, बिल आणि जाहिरातीचा फोटो जोडा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, द्यायचा विचार नसताना भेटवस्तू किंवा बक्षीस देऊ करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आणखी एक नियम फार थोड्यांना माहीत आहे. २०२२ च्या जूनमध्ये फसव्या जाहिरातींबद्दल केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्यानुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याच्या अटी हव्यात, आणि अक्षराचा प्रकारही तोच हवा. दुकानावरच्या फलकावर '३००० कॅशबॅक' हे मराठीत आणि अटी खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत असतील तर फलकाचा फोटो काढून ठेवायला विसरू नका. तुमच्या तक्रारीत तो बिलाइतकाच कामाला येईल.

एसी हप्त्यांवर घेतलात का तेही तुम्ही लिहिलं नाहीत. घेतला असेल तर 'नो-कॉस्ट' शब्दावर जाऊ नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच स्टेटमेंटवर येते. कार्डाच्या कॅशबॅकचंही तसंच. '१० टक्के' मोठ्या अक्षरात असतं आणि 'कमाल १५०० रुपये' बारीक अक्षरात. ४२ हजारांवर दीड हजार म्हणजे साडेतीन टक्के.

एसीची दाद तुम्ही ग्राहक म्हणून मागू शकता, पाइपची नाही, हे मात्र लक्षात ठेवा. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत हा कायदा तुम्हाला ग्राहक मानत नाही. म्हणजे तीन हजारांसाठी तुमच्या पाठीशी हेल्पलाइन आहे, आयोग आहे. दीड लाखासाठी तुमच्याजवळ फक्त तुमचा कागद आहे. तो कागद काय आहे? व्हॉट्सॲपवर आलेलं स्कीमचं चित्र? असेल तर तेही चालेल, काही नसण्यापेक्षा बरं. पण मोबाइल बदलण्याआधी त्याची प्रिंट काढा.

उद्याच वितरकाला आणि कंपनीच्या विभागीय ऑफिसला एकच ईमेल पाठवा. वर्षाची बिलवार खरेदी जोडा, स्कीमचं पत्रक जोडा आणि तीन प्रश्न विचारा. रक्कम किती धरली आहे? स्लॅब मूळ रकमेवर मोजलाय की जीएसटीसह, आणि परत दिलेला माल वजा केलाय का? क्रेडिट नोट कोण काढणार आणि ती जीएसटीची की नुसती कमर्शियल, म्हणजे जीएसटीला हात न लावणारी?

शेवटचा प्रश्न तुमच्या हिशेबाचा आहे, म्हणून थोडं थांबते. जीएसटी लावलेली नोट आली तर ती १ लाख ७७ हजारांची दिसेल. तिच्यातले २७ हजार तुमचे नाहीत. तेवढं इनपुट क्रेडिट तुम्हाला उलटवावं लागेल. हे न कळल्यामुळे २७ हजार नफा धरून चालणारे दुकानदार मी पाहिले आहेत. नुसती कमर्शियल नोट असेल तर ती दीड लाखाची येईल आणि इनपुटला हात लावायचा नाही. दोन्ही प्रकारांत दीड लाख तुमच्या नफ्यात जाणार आणि त्यावर आयकर लागणार. आणि एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा, ३० नोव्हेंबर. सरलेल्या आर्थिक वर्षाच्या बिलांवर कर कमी करणारी क्रेडिट नोट विक्रेत्याला तोवरच रिटर्नमध्ये दाखवता येते. त्यानंतर "आता जीएसटीसह निघत नाही" हे उत्तर तयार असेल. ईमेलमध्ये ही तारीख तुम्हीच घाला. मागणारा तारीख सांगून मागतो तेव्हा देणाऱ्याची प्रोसेस जरा हलते.

राहिलं दिवाळीचं नाणं आणि थायलंड. मिस्टरांचं मन त्या ट्रिपमध्ये आहे असं मला पत्राच्या सुरावरून वाटलं, चुकत असेन तर माफ करा. २०२२ च्या १ जुलैपासून आयकराचा नियम असा आहे : धंद्याच्या निमित्ताने मिळालेल्या अशा भेटीची किंमत वर्षात २० हजारांच्या वर गेली तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस भरायचा. बिलातली सूट आणि रिबेट यांना तो लागत नाही. नाणं, टीव्ही, परदेशवारी यांना लागतो. ती किंमत तुमच्या नावावर उत्पन्न म्हणून दिसते, आणि टीडीएस भरला म्हणजे कर संपला असंही नाही, तुमच्या दराने उरलेला तुम्हाला भरावा लागतो. आणि कर भरायचा रोख पैशात, मिळकत मात्र बँकॉकच्या हॉटेलातला नाश्ता. शिवाय ट्रिप एकाची असेल तर दुकान कोणी बघायचं, हेही आलंच.

नाणं आणि ट्रिपमागचा हेतू मला रिबेटहून अधिक खटकतो. रिबेट निदान दुकानाच्या खात्यात येतं. नाणं येतं ते माणसाच्या खिशात, आणि मग माल कोणता घ्यायचा हे दुकानाचा फायदा बघून ठरत नाही. तुमच्याकडे दुकान आणि माणूस एकच आहेत म्हणून हे जाणवत नाही. पण ज्यांच्याकडे खरेदीसाठी पगारी माणूस आहे, शाळा असो, दवाखाना असो, हाउसिंग सोसायटी असो, त्यांनी पॉइंट कोणाच्या मोबाइलवर जमा होतात ते एकदा बघावं. रंगाच्या डब्यातलं टोकन, ज्यावर रंगाऱ्याला पैसे मिळतात, तुम्हाला माहीतच आहे. डब्याचे पैसे घरमालकाचे, टोकन रंगाऱ्याचं. घरमालकाला वाटतं रंगारी हाच रंग चांगला म्हणतोय.

तुमच्या दुकानातही असे डबे असतील. नसावेत असं मी म्हणत नाही, धंदा आहे.

मग स्कीम घ्यायचीच नाही का? जो माल तुम्ही तसाही घेणार होता, त्यावर मिळेल ती खुशाल घ्या. पण भाव लावताना ती धरू नका. ही चूक मला तुमच्या ठेकेदारांच्या तीन टक्क्यांत दिसली. 'पुढे कंपनी देणारच आहे' म्हणून तुम्ही आधीच सोडून दिलेत. शेजारचा दुकानदारही तेच करतो. मग सगळ्या बाजारात भाव उतरतो आणि रिबेट हा नफा न राहता तोटा भरून काढायची आशा होऊन बसतो. न आलेल्या पैशावर दिलेली ती आणखी एक उधारी. या वर्षी वितरकाला सांगून बघा : वर्षअखेरचे दोन-तीन टक्के नकोत, एक-सव्वा टक्का आजच्या बिलावर सोडा. तो आधी हसेल. त्याच्याकडेही माल तुंबलेला असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचारा.

गोदामातल्या तीन लाखांच्या मालावर दर महिन्याला २ हजार ७५० रुपये व्याज चढतंय. तेव्हा तो कंपनीच्या नव्या भावाने काढून टाका, जुन्या भावाची वाट बघू नका. आणि क्रेडिट नोट आली की मला कळवा. किती रकमेची आली, तिच्यावर जीएसटी होता का, आणि सासरे काय म्हणाले, तेही लिहा.